घड्याळ कोणाच्या हाती?

ॲक्शन रोल-प्लेइंग प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याला शस्त्रे आणि विद्या मिळवून देतो, लढायांमधून त्याची ताकद वाढवतो आणि एका लांबलचक कथेतून त्याला पुढे नेतो. तीस-चाळीस तासांची कथा या प्रकारात नवलाची नाही. भटकंती, संवाद, खरेदी-विक्री असे पुष्कळ काही त्यात असते, पण कणा लढाईचाच. लढाईची रचना मुळात दोन तऱ्हांची. एका तऱ्हेत घड्याळ सतत चालू असते. शत्रूने तलवार उगारली की त्याच क्षणी बटण दाबून बाजूला व्हायचे, नाहीतर वार बसतो. ही रिअल-टाइम लढाई. दुसऱ्या तऱ्हेत घड्याळ थांबून वाट पाहते. आपली टर्न आली की हवा तितका विचार करावा, यादीतून एक कृती निवडावी, मग शत्रूची टर्न. ही टर्न-बेस्ड लढाई. पहिलीत बोटे चपळ लागतात, दुसरीत हिशेब पक्का लागतो. गेली तीस-पस्तीस वर्षे खेळ बनवणारे या दोन्ही तऱ्हा एकाच लढाईत बसवू पाहत आहेत.

रायगडच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. पेण, रोहा, अलिबाग या पट्ट्यात कबड्डी गावोगाव चालते, आणि कबड्डी हा नेमका असा मिश्र खेळ आहे. चढाया आळीपाळीने होतात. एका संघाची चढाई संपल्याशिवाय दुसऱ्याची सुरू होत नाही. मात्र चढाईच्या त्या तीस सेकंदांत कोणालाही कोणासाठी थांबायचे नसते. बोनस रेषेकडे पाय टाकायचा की कोपऱ्याला हात मारून परतायचे, हे चढाईपटू पळता पळता ठरवतो आणि साखळीही त्याच वेळी आवळत येते. बाहेरून पाहिले तर टर्न, आत शिरले तर धावपळ. कबड्डीत हा मेळ आपसूक जमलेला आहे. संगणकावर तो जमवताना मात्र बराच खटाटोप करावा लागला.

या खेळांचे मूळ टेबलावर आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, एक जण पंच होऊन गोष्ट सांगतो आणि वार लागला की हुकला हे फासे ठरवतात. पंच एकच असल्याने सगळ्यांनी एकदम बोलून भागत नाही, म्हणून टर्न आल्या. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ या 1981 च्या खेळांनी हेच नियम संगणकावर नेले. जपानमध्ये 1986 मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने ते इतके सोपे केले की शाळकरी मुलेही तासन्‌तास खेळू लागली. त्याच वर्षी, त्याच देशात, निन्टेन्डोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आला. त्यात मेनू उघडून हल्ला निवडण्याची भानगड नव्हती. बटण दाबले की तलवार चालत असे. झेल्डाला काटेकोरपणे रोल-प्लेइंग म्हणावे का यावर जाणकार अजून हुज्जत घालतात. पण पुढच्या दोन्ही वाटा 1986 मध्येच फुटल्या होत्या, हे खरे.

दोन वाटांमधले अंतर किती थोडे आहे ते ‘डायब्लो’च्या जन्मकथेतून कळते. हा खेळ 1996 च्या अखेरीस बाजारात आला आणि माउसच्या टकटकीने साऱ्या जगाची बोटे दुखवली. तो आखला गेला होता मात्र टर्न-बेस्ड म्हणून. त्याचा प्रमुख प्रोग्रामर डेव्हिड ब्रेविक रिअल-टाइमच्या विरोधात होता. सहकाऱ्यांचा कौल विरुद्ध गेल्यावर तो एका दुपारी बदल करायला बसला आणि काही तासांतच त्याच्या योद्ध्याने पडद्यावरच्या सांगाड्याला पहिला जिवंत टोला हाणला. टर्नचे कोष्टक आत तसेच राहिले होते. त्या टर्न इतक्या वेगाने येऊ लागल्या की खेळणाऱ्याला त्या दिसेनाशा झाल्या.

खऱ्या अर्थाने मिश्र लढाईचा पाया घातला तो स्क्वेअर या जपानी कंपनीच्या हिरोयुकी इतो यांनी. फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत पाहताना त्यांना सुचले की गाड्या एकामागून एक ओळीने पुढे सरकत नाहीत. प्रत्येकीचा वेग वेगळा असतो, आणि वेगवान गाडी हळू गाडीला मागे टाकून आणखी एक फेरी पुरी करते. मग लढाईत सर्वांना एकेकच टर्न का? 1991 च्या ‘फायनल फँटसी फोर’मध्ये त्यांनी ‘ॲक्टिव्ह टाइम बॅटल’, म्हणजे खेळाडूंच्या तोंडचे एटीबी, आणले. यात प्रत्येक पात्राची एक अदृश्य पट्टी असते. पात्र चपळ असेल तर ती लवकर भरते, जड चिलखतवाला असेल तर उशिरा. पट्टी भरली की त्याची टर्न. पुढच्या वर्षीच्या ‘फायनल फँटसी फाइव्ह’मध्ये ही पट्टी पडद्यावर दिसू लागली आणि खेळणाऱ्यांच्या नजरा शत्रूवरून हटून तिच्यावर खिळल्या.

या एका पट्टीने लढाईचे स्वरूप बदलले. शुद्ध टर्न-बेस्ड खेळात विचार फुकट असतो. चहा करून आले तरी राक्षस हात वर करून उभाच. एटीबीत विचाराला किंमत पडते. औषध द्यावे की वार करावा, या घोळात खेळणारा यादी चाळत बसला तर तेवढ्यात शत्रूची पट्टी भरते आणि ज्याला औषध द्यायचे तोच आडवा होतो. नवख्यांचे हाल होऊ नयेत म्हणून या मालिकेत ‘वेट’ नावाचा पर्यायही दिला गेला: जादू किंवा वस्तूंची यादी उघडली की घड्याळ थांबते. ‘ॲक्टिव्ह’ निवडले तर थांबत नाही. एकाच खेळाचे हे दोन स्वभाव आहेत, आणि वेट निवडण्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

‘क्रोनो ट्रिगर’ने 1995 मध्ये त्यात एक बारीक पण मोलाची भर घातली. त्यातले शत्रू एका जागी उभे न राहता मैदानात सरकत राहतात, आणि काही विद्या एका रेषेत तर काही वर्तुळात मार करतात. तीन शत्रू विखुरलेले असताना वार केला तर एकालाच लागेल. क्षणभर थांबले तर तिघे जवळ येतील. शिवाय दोन पात्रांनी मिळून करायचे हल्ले आहेत, त्यांना दोघांच्या पट्ट्या भरलेल्या लागतात. एकाची भरली, दुसऱ्याची भरायची आहे, आणि शत्रू वार करण्याच्या बेतात आहे. अशा वेळी हातात आलेली टर्न राखून ठेवणे हाही डाव होतो. हा खेळ आजही ताजा वाटतो त्याचे निम्मे श्रेय या वाट पाहण्याला द्यायला हवे. 1998 च्या ‘पॅरासाइट ईव्ह’ने पट्टी भरेपर्यंत पात्राला मैदानात मोकळेपणी पळू दिले. भरली की वेळ थांबतो, बंदुकीचा पल्ला दाखवणारा घुमट उभा राहतो, नेम धरायचा आणि गोळी झाडून पुन्हा पळायचे.

पश्चिमेकडे वेगळा तोडगा निघाला. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीच्या 1998 च्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये सहा जणांची टोळी सांभाळायची असते, आणि लढाई सुरू होताच सहाही जण एकदम तुटून पडतात. टेबलावरचे फासे आत चालूच असतात. सहा सेकंदांची एक फेरी पकडून संगणक ते मुकाट्याने टाकतो. खेळणाऱ्याच्या हाती असते ती स्पेसबार. दाबली की सारे गोठते, प्रत्येकाला नवा हुकूम द्यायचा, पुन्हा दाबायची, लढाई पुढे. शत्रू दिसताच किंवा कोणी जखमी होताच आपोआप थांबण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे. स्पेसबार विसरणाऱ्याची गत वाईट होते: सुरुवातीच्याच एका सरायच्या पायरीवर एकटा जादूगार अख्ख्या टोळीला घाबरवून पळवतो आणि मारतो. या पद्धतीचे चाहते कट्टर आहेत, पण लढाईचा गोंधळ पाहून कंटाळणारेही तितकेच. ‘पिलर्स ऑफ एटर्निटी’च्या दुसऱ्या भागाला 2019 च्या जानेवारीत वेगळी टर्न-बेस्ड सोय जोडावी लागली, आणि 2023 चा ‘बाल्डर्स गेट थ्री’ तर पूर्ण टर्न-बेस्डच झाला.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवून हवी ती घ्या म्हणणे दिसायला उदार, प्रत्यक्षात फसवे. 2001 च्या ‘आर्केनम’मध्ये अशी निवड होती. टर्न घेतल्या तर किरकोळ उंदीर-लांडग्यांच्या लढाया रेंगाळत. रिअल-टाइम घेतला तर काय घडले ते कळायच्या आत लढाई संपे. शत्रूंची संख्या, वारांचे आकडे, मैदानाची लांबी-रुंदी हे सगळे एका पद्धतीसाठी बेतलेले असते. दुसरी त्यावर नुसती चढवून चालत नाही. ‘फॉलआउट’ने निवड न देता वेगळी युक्ती केली. 1997 चा मूळ खेळ टर्न-बेस्ड होता, 2008 चा तिसरा भाग बंदूक घेऊन धावण्याचा. जुन्या चाहत्यांसाठी त्यात ‘व्हॅट्स’ ठेवले: एक बटण दाबले की वेळ थांबतो, शत्रूच्या डोक्यावर, हातावर, पायावर गोळी लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसते, आणि ठरावीक गुण संपेपर्यंत नेम रांगेत लावता येतात. 2014 च्या ‘ट्रान्झिस्टर’ने या थांबण्याला दंड लावला. त्यात बेत आखून झाला की तो विजेसारखा पार पडतो, पण त्यानंतर काही वेळ नायिकेला पुन्हा थांबता येत नाही आणि जीव मुठीत धरून पळावे लागते.

ही सगळी शिदोरी एकत्र बांधलेली दिसते ती 10 एप्रिल 2020 रोजी आलेल्या ‘फायनल फँटसी सेव्हन रीमेक’मध्ये. 1997 चा मूळ खेळ साध्या एटीबीचा. रीमेकमध्ये पट्टी राहिली, पण तिचे काम बदलले. क्लाउड नावाचा नायक मैदानात मोकळा असतो. एका बटणाने तलवार चालते, एकाने ढाल धरल्यासारखा बचाव होतो, एकाने तो कोलांटी मारून सटकतो. हा झाला रिअल-टाइम. मात्र या साध्या वारांनी शत्रूचे फारसे बिघडत नाही. त्यांचा खरा उपयोग पट्टी भरण्याचा. पट्टीला सुरुवातीला दोन खण असतात. खण भरला की मेनू उघडता येतो आणि तो उघडताच जग जवळजवळ थांबते: ठिणग्या हवेत तरंगतात, शत्रूचा हात अर्ध्यावर रेंगाळतो. जादू, खास हल्ला, औषध, सगळे येथून निवडायचे आणि प्रत्येकाला खण मोजायचा. जखम झाली म्हणून लगेच औषध देता येत नाही. आधी लढून ते कमवावे लागते.

साथीदारांमुळे यात रंगत येते. बॅरेट दुरून गोळ्या झाडतो, टिफा जवळ जाऊन ठोसे मारते, एरिथ जादू करते. ज्यांच्याकडे लक्ष नाही ते संगणकाच्या भरवशावर लढतात, पण त्यांची पट्टी फार सावकाश भरते. म्हणून सारखे एका पात्रातून दुसऱ्यात उडी मारत राहावे लागते, आणि अनुभवी खेळणारा क्लाउडला विसरून मिनिटभर टिफाच होऊन जातो. शत्रूवरही एक पट्टी असते. त्याच्या वर्मावर मारत राहिले की ती वाढते, पूर्ण भरली की तो लडखडतो, आणि त्या मोजक्या सेकंदांत त्याला बसणारा मार एरवीपेक्षा कितीतरी जास्त. सगळे खण त्या घटकेसाठी साठवायचे की आत्ता मरणाऱ्या साथीदाराला वाचवायला खर्चायचे, ही या लढाईतली खरी ओढाताण.

पहिला मोठा शत्रू, विंचवाच्या आकाराचे यंत्र, ही सगळी शिकवणी एका बैठकीत घेतो. त्याला विजेचा मार सोसत नाही. मध्यावर तो शेपटीतून लेझर सोडतो. तेव्हा मेनू, खण, जादू सगळे बाजूला ठेवून पडलेल्या ढिगाऱ्याआड लपावे लागते. नुसते डोके चालवणारा येथे जळतो आणि नुसती बोटे चालवणाऱ्याला विजेची आठवण राहत नाही.

त्यानंतरच्या खेळांनी मेळ आणखी वेगवेगळ्या ठिकाणी बसवला. ‘ट्रेल्स थ्रू डेब्रेक’ आणि 2024 चा ‘मेटाफर: रीफँटाझिओ’ यांत किरकोळ शत्रू चालता चालता रिअल-टाइममध्ये उडवता येतात आणि भारी शत्रूसमोर एका बटणाने टर्न-बेस्ड लढाई सुरू करता येते. आर्केनमचा घोटाळा येथे टळतो, कारण कोणती पद्धत कोणत्या शत्रूसाठी हे बनवणाऱ्यांनी आधीच योजलेले आहे. फ्रान्समधल्या मॉन्पेलिए शहरातल्या तीसेक जणांच्या मूळ गटाने 2025 मध्ये आणलेला ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन 33’ उलट्या टोकाने जातो. आपली टर्न शांत असते. शत्रूची टर्न आली की मात्र नेमक्या क्षणी बटण दाबून वार चुकवायचा किंवा परतवायचा. शत्रूच्या टर्नमध्ये हात चोळत बसण्याचा जुना कंटाळा त्याने घालवला, आणि तीस जणांना हे जमते हेही दाखवून दिले.

महाराष्ट्रातल्या खेळ-निर्मितीकडे त्या नजरेने पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ 2020 मध्ये जगभर पोहोचला. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी त्रिशूळ, धनुष्य आणि चक्र चालवते, खांबांवरून झेप घेते; लढाई पूर्ण रिअल-टाइम आहे. लहान गटाच्या पहिल्या खेळासाठी तो शहाणपणाचा निर्णय होता. मिश्र लढाईत हालचालींची चपळाई आणि मागचा आकड्यांचा हिशेब असे दोन खेळ बनवावे लागतात, आणि एकात केलेला बदल दुसऱ्याला बिघडवतो.

पेण किंवा रोह्यात बसून हे खेळायचे तर पहिला प्रश्न साधनाचा. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आला तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती. संगणकावर रीमेकला 100 जीबी जागा लागते. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर तो उतरवायचा म्हटले तर पन्नास दिवस लागतील, तेही त्या काळात दुसरे काही न पाहता. घरी फायबर असेल तर प्रश्न मिटतो. प्लेस्टेशन असेल तर डिस्क घेता येते. विजेचाही हिशेब ठेवावा लागतो. निसर्ग चक्रीवादळाने 3 जून 2020 रोजी रायगडला तडाखा दिला, तेव्हा जिल्ह्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस अंधार होता. तसे वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यात वीज जाणे कोकणात कोणाला नवे नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर वीज गेली की शेवटच्या सेव्हनंतरचे सगळे कष्ट जातात. रीमेक स्वतःहून सेव्ह करत राहतो; जुन्या खेळांत मात्र बहुतेक वेळा सेव्हची ठरलेली जागा गाठावी लागते, आणि मोठ्या लढाईआधी ती जागा दिसली तर ओलांडून जाऊ नये.

स्वस्त वाट खिशातच आहे. 1997 चा ‘फायनल फँटसी सेव्हन’, ‘क्रोनो ट्रिगर’, ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती हे सगळे अँड्रॉइड फोनवर मिळतात. एकदा विकत घेऊन उतरवले की कथा खेळायला इंटरनेटची गरज भासत नाही. दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या मेमूत हे सोयीचे पडते, आणि वेट पर्याय चालू असेल तर हमरापूर किंवा कासूला उतरणाऱ्यांना वाट देताना यादी उघडून फोन बाजूला धरता येतो. ‘बाल्डर्स गेट’ची बारीक अक्षरे मात्र फोनवर डोळे शिणवतात, त्याला टॅब्लेट बरा. अडचण भाषेचीही आहे. या खेळांतला मजकूर इंग्रजीत वाचावा लागतो आणि तो थोडाथोडका नसतो. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या मुलाला लढाई जमते, कथा निसटते. दोघे मिळून खेळले, एकाने वाचून सांगितले, तर ती उणीव बरीचशी भरून निघते.

मोबाइल गेम म्हटले की पालकांच्या मनात पैसे लावण्याची भीती येते, आणि ती निराधार नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. येथे चर्चेत आलेले खेळ त्या जातीचे नाहीत: एकदा किंमत मोजली की संपले, हरल्यास जातो तो वेळच. वयाची खूण मात्र विकत घेण्याआधी पाहावी. ‘फॉलआउट’ आणि ‘बाल्डर्स गेट थ्री’ मोठ्यांसाठीच आहेत.

नवख्याने ‘क्रोनो ट्रिगर’ वेट पर्यायावर सुरू करावा; पट्टीची सवय तेथे निवांत लागते. पुढे रीमेककडे वळल्यावर सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ नावाची पातळी सापडते. तीत पात्र पळणे, वार करणे, बचाव करणे हे स्वतःहून करते, पट्टी भरत राहते आणि खेळणाऱ्याने फक्त मेनूतून हुकूम द्यायचे. ज्यांची बोटे आता तितकी चालत नाहीत त्यांनाही त्यामुळे संपूर्ण कथा पाहता येते. सराव झाला की ‘नॉर्मल’वर यावे. खेळ एकदा पुरा केल्यावर ‘हार्ड’ उघडते. तेथे औषधे वापरायला बंदी असते आणि बाकावर बसून विश्रांती घेतली तरी खर्च झालेली जादूची शक्ती परत येत नाही, म्हणून प्रकरणाच्या पहिल्या किरकोळ लढाईत टाकलेला प्रत्येक मंत्र शेवटच्या बॉसचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवूनच टाकावा लागतो.